काका, पुसू नका!

"काका, पुसू नका!"

नौपाड्यातल्या माझ्या फ्रेमच्या दुकानात ती शिरायची ती हे ओरडतच. रिक्षावाल्याला पैसे द्यायच्या आधी. कारण मी पुसतो. तुम्हीही बघा, फ्रेमवाल्याला हातात फडकं असल्याशिवाय धड बोलता येत नाही.

तिने आणलेला पहिला फोटो डोंबिवलीच्या घरातल्या ओट्याचा होता. त्यावर पिवळे डाग. मी ओल्या फडक्याने लख्ख पुसून दिला. ती बघतच राहिली.

"काका, ती हळद होती."

"हो ना, किती लागली होती! पण निघाली बघ सगळी."

"मीच लावलेली. दोन महिने. थरावर थर देऊन."

मला वाटलं, आता ही रडते. तर ती स्टुलावर बसली आणि पोट धरून हसत सुटली. "बरं झालं, नाहीतरी बिघडलंच होतं!" त्या दिवसापासून ती माझं गिऱ्हाईक कमी आणि डोक्याला ताप जास्त झाली. खरं सांगतो, तो ताप मला आवडायचा.

फोटो काढायचा आणि मग त्याला सुखाने फोटो म्हणून राहू द्यायचं नाही, असं तिचं काम. आंबिवलीच्या एका भिंतीच्या फोटोवर तिने लोकरीचे टाके घातले. कुणाचा तरी चेहरा जुन्या परकरावर छापून आणला. एकदा तर मला फ्रेममध्ये पापड बसवायला लावला.

"मुंग्या लागतील गं!"

"लागू देत. त्यांचाही फोटो काढते ना!"

यासाठी तिने बँकेतली नोकरी सोडली होती. पोटासाठी लग्नाचे फोटो काढायची, पण तिथेही नवरा-नवरी सोडून खरकट्या ताटांवर कॅमेरा. "घरी बाबा काय म्हणतात?" मी एकदा विचारलं. तिचं हसू मावळलं. "बाबांचं नको ना, काका."

खरी गोष्ट मला फार उशिरा कळली. बाबा चांगले ठणठणीत होते. नोकरी सोडल्यापासून तिचं एकही काम बघायला ते आले नव्हते, आणि कुणी विचारलं तर अजून 'मुलगी बँकेत असते' म्हणून सांगायचे. मी मात्र तिच्या गप्प बसण्याचा भलताच अर्थ घेतला.

डोंबिवलीत तिचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन ठरलं. मधोमध लावायला तिने एक भलामोठा फोटो आणला. सत्तरीचे गृहस्थ, सरळ समोर बघणारे, आणि भोवती त्यांच्याच जुन्या शर्टांच्या कापडाची शिवलेली फुलं.

"हे बाबा," ती म्हणाली. "उद्या सगळं याच्यावर आहे, काका. आणि पुसू नका."

नाही पुसला. पण वडिलांच्या काळापासून आमच्या दुकानाची रीत आहे, असा फोटो मोकळा बाहेर जात नाही. माझ्यातर्फे चांगल्यातला चंदनाचा हार घातला, कागदात गुंडाळला आणि डोळे पुसले. माझेच.

दुसऱ्या दिवशी टेम्पो शीळफाट्याला अडकला. आम्ही पोचलो तेव्हा पाहुणे जमलेले. एक ताठ म्हातारे गृहस्थ पुढे आले. "इकडे द्या, मी धरतो." त्यांनी एका बाजूने कागद फाडला, मी दुसऱ्या. हार दिसला. मग फोटोतला चेहरा. मग तोच चेहरा, माझ्यासमोर, फ्रेम धरून उभा.

धरणी दुभंगेना. ती भिंतीला टेकली होती, पांढरीफटक.

"अहो," बाबांनी हार बोटांनी चाचपला, "चंदनाचा आहे की प्लॅस्टिकचा?"

"चं... चंदनाचा."

"मग असू दे."

"दादा, आयुष्य वाढलं रे तुझं!" मागून तिची आत्या किंचाळली, आणि सगळ्या हॉलमध्ये हशा पिकला. बाबा हसता हसता खोकायला लागले. ती खाली फरशीवर बसून हसत होती. मी हार काढायला धावलो तशी ओरडली, "काढू नका, काका!"

तिचं काम बघायला पहिल्यांदाच आलेले बाबा संध्याकाळभर त्या फोटोशेजारी उभे. येईल त्याला सांगत होते, "मीच तो. आहे अजून."

एका ओळखीच्या गृहस्थांनी विचारलं, "मुलगी अजून बँकेतच का?" मी कान टवकारले. तीही शेजारीच होती.

"छे! ती हे करते," बाबांनी चारी भिंतींवरून हात फिरवला. "काय करते ते मला अजून नीट कळलेलं नाही. पण हे सगळं तिने केलंय."

ती पाठ फिरवून उगाच एक सरळ फ्रेम सरळ करत राहिली.

आता ती परदेशात गेली आहे, वर्षभर तिथे काम करायला. माझं दुकान फार शहाणं झालंय, करमत नाही.

परवा बाबा आले. तिच्याच स्टुलावर बसले आणि पिशवीतून एक फोटो काढला. त्याच संध्याकाळचा, तिने जाताना दिलेला. एकीकडे हारातले बाबा, दुसरीकडे हसणारे बाबा, मध्ये ती, तोंड उघडं टाकून.

"फ्रेम करा," म्हणाले. "हार नको."

कोपऱ्यात एक पिवळा डाग होता. सवयीने माझा हात फडक्याकडे गेला.

"अहो, पुसू नका!" बाबा केवढ्याने ओरडले. "तिचा अंगठा आहे तो."