जोराचा पंप आणि ओली पोती

मैत्रिणींनो, आपलं हे फिरतं पत्र वाचून यादीतल्या पुढच्या नावाला पाठवा.

आज सकाळी चिचगडच्या जंगलातून आमच्या मोटार डेपोत बारा ट्रक आले, वाळलेल्या चिखलाने माखलेले. धुण्यासाठी जोराचा पंप डेपोची अधिकारी म्हणून मीच निवडला होता. चिखल निघाला, पण पाणी चाकांच्या बेअरिंगमध्ये शिरलं आणि ग्रीस धुऊन गेलं.

धुलाईवाले सुखरामकाका म्हणाले, "आमी आधी चिखलावर ओली पोती टाकून ठेवतो. चिखल फुगून सुटते. मंग हलकं पानी पुरते."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी कोनासंग बोलता कुठी, बाई?"

उद्यापासून पोती वापरायची, असं मी लिहून दिलं. नंतर डबा नेहमीसारखा माझ्या खोलीत एकटीनेच खाल्ला. तुम्ही कामावरच्या माणसांशी बोलायला सुरुवात कशी केलीत?