बावन्न किलो, खोगिरासकट

लेकीच्या बारशाला माझा नवरा पुण्याहून माझ्या माहेरी, कोल्हापुरात आला. पाळण्यापाशी जेमतेम उभा राहिला आणि माझ्या भावाला म्हणाला, "हितं जवळपास वजनकाटा कुठं हाय?"

तो जॉकी होता. नव्वदचं दशक सरत आलं होतं, दसरा नुकताच झाला होता आणि पुण्यातला रेसचा मोसम संपायला आला होता. निघता निघता ट्रेनरनं त्याला रविवारसाठी एक घोडी देऊ केली होती. घोडीवर चढायचं वजन बावन्न किलो, तेही खोगिरासकट. म्हणजे ह्याचं अंग पन्नासच्या जवळ हवं. त्यानं न तपासताच "बसतो" म्हणून सांगून टाकलं होतं.

भाऊ त्याला गुळाच्या अडतीवर घेऊन गेला. तिथल्या काट्यावर तो चोपन्न भरला. हमाल हसून म्हणाला, "पावणं, गुळाचं तीस-तीस किलोचं दोन रवं ठेवलं तर तुमच्यापरास जड भरतील की!" घरी येऊन भावानं हे हसत हसत सांगितलं. नवरा हसला नाही. तो अंगणात येरझाऱ्या घालत राहिला. बारशाच्या घुगऱ्या त्यानं मुठीत घेतल्या आणि माझी पाठ वळताच कोंबड्यांना टाकल्या. मी खिडकीतून बघितलं. बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही, असं आईचं फर्मान होतं, त्यामुळे त्या चार दिवसांतलं बरंचसं मी खिडकीतूनच बघितलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं न्हाणीत बंब पेटवला, स्वेटरवर रेनकोट चढवला आणि दार लावून वाफेत बसला. आई दोनदा दारावर थाप मारून आली.

"जावईबापूंना थंडी वाजून ताप आलाय काय गं?"

"नाही गं. घाम काढतायत."

"घाम? मग शेतात पाठव की!"

आमच्या घरात बारीक माणूस म्हणजे आजारी माणूस. भाऊ तालमीत जायचा. तो जेवताना आई समोर बसून राहायची. दुपारी तिनं जावयासाठी मटण केलं होतं. नवरा ताटावर बसला, एक फोड तोंडात घेतली, डोळे मिटून कितीतरी वेळ चावली आणि हळूच रुमालात काढली. दुसरी तशीच. चव तेवढी घ्यायची, पोटात काही जाऊ द्यायचं नाही. आईच्या ते लक्षात आलं.

"माझ्या हातचं थुकतंय व्हय?" ती कडाडली.

मला दोघांच्या मधे उभं राहावंसं वाटलं. पण बोलला तो भाऊ.

"आई, गप बस. मातीत न्हाय, पण मॅटवरच्या कुस्तीला आमालाबी गटाचं वजन बसवाय लागतंय. गेल्या साली मी बी असंच केलतं. तुला सांगितलं न्हाय." मग नवऱ्याकडं वळून म्हणाला, "दाजी, उठा. रंकाळ्याला पळू या."

दोघं प्लास्टिकची जर्किनं घालून भर उन्हात गेले. मी बाळाला मांडीवर घेऊन बसले, उठले, पुन्हा बसले. दूधही नीट पाजता येईना. बऱ्याच वेळानं गल्लीत गलका झाला. भाऊ नवऱ्याला खांद्यावर टाकून आणत होता. पायात गोळे येऊन तो तलावाच्या कट्ट्यावरच कोसळला होता. ओठ पांढरे, बोटं वाकडी झालेली.

मी साखर-मिठाचं पाणी केलं. त्यानं तोंड मिटून घेतलं.

"अहो, प्या. दोन घोट."

"दोन घोट म्हंजे वजनच. घोडी चांगली हाय गं. अशी परत मिळणार न्हाय."

"आणि तुम्ही परत मिळणार व्हय?"

त्यानं भिंतीकडं तोंड केलं. आईच बर्फाचा एक खडा घेऊन आली. तिनं तो त्याच्या ओठांवर फिरवला, आणि तो लहान मुलासारखा चोखू लागला.

शनिवारी सकाळच्या एस.टी.नं तो गेला. रविवारी संध्याकाळी शेजारच्या घरी त्याचा फोन आला, आणि आईचं फर्मान मोडून मी उंबरा ओलांडला.

"वजन बसलं," तो म्हणाला.

"आणि रेस?"

"पाचवा. शेवटच्या वळणावर हातात लगामच राहिना."

मला आनंद झाला की रडू आलं, आजही सांगता येत नाही. त्यानंतरचा एक मोसम त्यानं तसाच ओढला. मग एके दिवशी ट्रेनरला सांगून टाकलं, की मी फक्त पहाटे घोड्यांना व्यायाम देईन. तिथं वजनाचा एवढा काटेकोरपणा नव्हता. साठपर्यंत गेला, गालावर मांस आलं. जेवताना मात्र अजूनही त्याला स्वस्थता नाही. दोन घास झाले की उठतो, दारापर्यंत जातो, परत येऊन बसतो. "पाणी घ्या," असं मी म्हणते तेव्हा आधी भांड्यात किती आहे ते बघतो, आणि मगच उचलतो.