वाक्याचा खरा धनी

ताईने फिटच्या गोळ्या बंद केल्यात हे धाकटीला कळलं ते कचऱ्याच्या डब्यामुळे. शिवणाच्या चिंध्यांखाली गोळ्यांची अख्खी पट्टी, एकही न काढलेली. धाकटीने ती उचलून ताईपुढे धरली.

"हे काय गं ताई?"

ताई शिवत होती. मान न उचलता तिने मशीनमागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे चिकटवलेल्या कागदावर छापलं होतं, 'देहासारखा वैद्य नाही.' खाली एका ग्रीक तत्त्ववेत्त्याचं नाव आणि त्याचा दाढीवाला पुतळा.

"हजारो वर्षं टिकलंय त्याचं म्हणणं. तुझ्या डॉक्टरचं टिकेल का?"

"अगं, सुई धावतेय बोटाखाली. मध्येच फिट आली तर?"

"शुभ बोल नाऱ्या!" ताईने पुन्हा पाय चालवला.

धाकटी ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात होती. कोण काय कुठे म्हणालं हे शोधून देणं तिचं रोजचंच काम. पण या वेळी टेबलावरचा फोन वाजला की ती दचकायची, ताईला फिट तर आली नाही? त्या तत्त्ववेत्त्याचं जेवढं लिखाण उरलंय तेवढं तिने चाळलं. वाक्याचा मागमूस नाही. मग सुविचारांचे संग्रह घेतले. नव्याने जुन्यातून उचललेलं, जुन्याने त्याहून जुन्यातून, आणि सगळ्यात जुन्याने कुठून घेतलं ते सांगितलेलंच नाही. शेवटी जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यात ते सापडलं. गरम पाण्याच्या झऱ्याकाठच्या एका आरोग्यधामाची जाहिरात होती: 'देहासारखा वैद्य नाही, आणि आमच्या पाण्यासारखं औषध नाही!' पुढे कुणीतरी पाणी छाटलं आणि उरलेल्याला दाढी चिकटवली.

त्या पानाची प्रत घेऊन ती भरदुपारी ताईकडे निघाली. जिन्यातच तिच्या लक्षात आलं, मशीनचा आवाज नाही. करपल्याचा वास मात्र येतोय.

ती धावत वर गेली. ताई भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, चेहरा पांढराफटक. टेबलावर इस्त्रीखाली कुणाचा तरी नवा कोट जळत होता. धाकटीने आधी इस्त्रीची वायर ओढली.

"मी उभी होते गं," ताई पुटपुटली. "मग... मधलं काहीच आठवत नाही."

धाकटी तिच्याशेजारी बसली. तिने कागद पुढे केला. ताईने तो वाचला, पुन्हा वाचला.

"पाणी विकत होते होय मेले," ती म्हणाली. मग एकदम तिचा बांध फुटला. "गोळ्यांनी हात थरथरतात. टीप वाकडी जाते. कुणीतरी मोठ्या माणसाने 'सोड' म्हणावं, एवढंच हवं होतं मला."

"डॉक्टरांना का नाही सांगितलंस?"

"शिवणच सोड म्हणाले असते तर?"

दोघी तशाच उठून दवाखान्यात गेल्या. डॉक्टर आधी चांगलेच तापले, मग सगळं ऐकून घेतलं आणि गोळी बदलून दिली. हिने बहुधा हात थरथरणार नाहीत, पण गुण यायला वेळ लागेल; तोवर मशीन आणि इस्त्री बंद, आणि एकटीने राहायचं नाही.

धाकटीने रजा टाकली. ताई हाताने काजं करत बसायची आणि धाकटी समोर. ताईची पापणी जरा जास्त वेळ मिटली की धाकटीचा जीव टांगणीला.

"ताई?"

"जागी आहे गं बाई," ताई म्हणायची, आणि दोरा तोडायची.