भाचीच्या मंगलाष्टका आणि पळणारा कॉम्प्युटर

आमचा कॉम्प्युटर हळू चालायचा हे मला मान्य आहे. बटण दाबून मी कुकर लावायची, भाजी चिरायची, शेजारणीशी दोन शब्द बोलून यायची, तरी पडद्यावर ते गोल चक्र फिरतच असायचं. पण एकदा सुरू झाला की माझं काम करायचा, कधी दगा दिला नाही त्याने. माझं काम म्हणजे मंगलाष्टका. नात्यात, ओळखीत कुणाचं लग्न निघालं की मुलामुलीची, घरच्यांची नावं गुंफून मी मंगलाष्टका रचते आणि अक्षता पडताना उभी राहून म्हणते. शिकवलं कुणी नाही. चाल कानात होती, तिच्यावर शब्द बसवत गेले.

या वेळचं लग्न माझ्या भाचीचं. कल्याणच्या हॉलमध्ये, रविवारी. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, आता नाही. भाची फोनवर म्हणाली होती, "मावशी, एक कडवं आईचं घाल. पण रडवू नकोस हं, सगळा मेकअप वाहून जाईल."

त्या एका कडव्याने मला किती छळलं म्हणून सांगू. कागदावर लिहायची सवय माझी केव्हाच मोडली. शब्द घालायचा, पुसायचा, पुन्हा घालायचा, सगळं पडद्यावरच. इतक्यांदा बदललं की शेवटी काय ठेवलं ते डोक्यात राहिलंच नाही. म्हटलं राहू दे, फाईल आहे. शनिवारी दुकानातून मोठ्या अक्षरात छापून आणू.

आणि शुक्रवारी सकाळी आमच्या ह्यांना सुचलं. हे मानपाड्याच्या एका कंपनीतून रिटायर झालेले, दिसेल ते मशीन खोलायला हात शिवशिवतात. त्यात मोबाईलवर कुणाचा तरी व्हिडिओ बघितलेला.

"अगं, मशीन चांगलंच आहे, आत कचरा साठलाय. सगळं पुसून सिस्टीम नव्याने टाकली की पळेल बघ."

"रविवारनंतर पळवा."

"तासाभराचं काम आहे. तुझ्या फाईली आधी पेनड्राईव्हवर घेतो, मग तर झालं?"

त्यांनी खरंच घेतल्या, मला उघडूनही दाखवल्या. मग त्यांनी पुसायला सुरुवात केली. टक्के वाढत होते, हे खुर्चीत मागे रेलून माझ्याकडे असे बघत होते, जणू विमान चालवतायत. टक्के निम्म्याच्या पुढे गेले आणि लाईट गेली.

शुक्रवारी दुरुस्तीसाठी आमच्याकडे लाईट जाते हे शेंबड्या पोराला माहीत आहे.

"आज शुक्रवार होय?" हे म्हणाले.

कॉम्प्युटरच्या बॅटरीचा डबा टेबलाखाली टीं टीं करत होता, तोही थोड्या वेळात बंद पडला. मी पदराने वारा घेत बसले. कडवं आठवून बघितलं. बहिणीच्या पदराबद्दल काहीतरी होतं. पदरातली ऊब म्हटलं होतं का सावली? दोन्ही म्हणून बघितलं, दोन्ही चालीत अडखळत होतं.

दुपारी लाईट आली, तेव्हा सगळं पहिल्यापासून. भाषा विचारली, देश विचारला, कीबोर्ड विचारला, मग पासवर्ड मागितला. कधी ठेवलेला पासवर्ड, कुणाला आठवतोय? ते झालं, मग माऊस ओळखेना, वायफाय सापडेना. ह्यांचा चहा तीनदा गार झाला. अखेर संध्याकाळी ते विजयी मुद्रेने म्हणाले, "ये. डोळ्याची पापणी लवायच्या आत चालू झाला. फाईली पण सगळ्या आल्या."

फाईल उघडली. पडद्यावर मराठीचं एक अक्षर नाही. नुसती इंग्रजी अक्षरं, मध्येच कंस, टिंबं, कुठे झेड, कुठे उलटा स्वल्पविराम.

झालं होतं असं की मी टायपिंग शिकले ठाण्याच्या एका प्रेसमध्ये, फार वर्षांपूर्वी. तिथलाच जुना मराठी फॉन्ट सीडीवरून घेतलेला. त्यात दाबायचं इंग्रजी के, उमटायचा काना. तो फॉन्ट पुसला गेला, मागे उरली नुसती दाबलेली बटणं. ती सीडी घरात नव्हती. ती प्रेसही आता तिथे नाही. ह्यांनी मोबाईलवरून साधारण त्याच नावाचा एक फॉन्ट शोधून आणला. त्याने काना तेवढा जागेवर आला, बाकी कुठलं अक्षर कुठेही. तो काढून टाकला.

"तुम्हाला सांगितलं होतं, रविवारनंतर करा."

"अगं पण फाईल आहे ना? गेली तर नाही ना?"

"आहे ना? मग वाचून दाखवा."

ह्यांनी चष्मा वर केला आणि मला चिडवायला म्हणा की खरंच, वाचायला लागले. "व्ही. के. बी. झेड. ही कुठली भाषा म्हणायची?"

माझा हात मांडीवर होता. ते बोलत होते तशी बोटं तिथल्या तिथे हलली. व्ही के बी झेड म्हणजे आई.

मी म्हटलं, पुढे वाचा.

मग आम्ही तसेच बसलो. हे एकेक अक्षर सांगत, मी वायर काढलेल्या कीबोर्डवर बोटं ठेवून मराठी बोलत, आणि हे तेच वहीच्या मधल्या कागदावर मोठ्या अक्षरात काढत. मध्येच माझं बोट चुकायचं, मध्येच ह्यांची ओळ सुटायची आणि दोघंही एकमेकांवर वैतागायचो. नवरदेवाच्या आजोळच्या नावाला तर आम्ही भांडलो. पण बहिणीची ओळ आली, तेव्हा बोटांनी ऊबही काढली नाही आणि सावलीही नाही.

आईच्या पदरातली झुळुक ही येईल पाठी तुझ्या.

झुळुक. लाईट गेली की माझी बहीण तान्ह्या पोरीला मांडीवर घेऊन पदराने वारा घालायची, त्यावरून मी हा शब्द घातला होता. आणि सकाळी मी स्वतः पदराने वारा घेत बसून तोच विसरले होते.

"पुढे?" हे म्हणाले.

"थांबा जरा."

ह्यांनी टोपण लावून पेन खाली ठेवलं आणि दिवाणखान्याच्या खिडकीकडे बघत राहिले.

रविवारी मी ह्यांच्या अक्षरातून मंगलाष्टका म्हटल्या. त्यांचा र आणि स सारखा दिसतो, त्यामुळे एका काकांचं नाव चुकलं आणि ते काका जेवताना माझ्याशी बोलले नाहीत. बहिणीच्या कडव्याला भाचीने अंतरपाटामागून मान खाली घातली. मेकअपचं काय झालं ते मी विचारलं नाही.

कॉम्प्युटर आता खरोखर पळतो. बटण दाबलं की लगेच तयार, कुकर लावायलाही वेळ देत नाही. आजवर रचलेल्या साऱ्या मंगलाष्टका त्यात आहेत, एकही गेलेली नाही, आणि एकही कुणाला वाचता येत नाही. रोज दुपारी हे अक्षरं सांगतात, मी बोटं हलवते. चौथं लग्न चालू आहे. ह्यांनी परवा विचारलं, तुझा मोबाईल पण असाच साफ करून देऊ का. मी मोबाईल ब्लाउजमध्ये खोचला आणि भाजीला गेले.