मेर्सिंगची भरती, पाऊण टाकी आणि आमचा रेडा

"बुद्धपौर्णिमेला विहारात जायचं सोडून लेकरू घेऊन मलेशियात बोट पोचवायला चाललीस?" आईनं नागपूरहून फोनवर विचारलं. मी म्हटलं, आई, नोकरी आहे. ती म्हणाली, नोकरी कॉम्प्युटरपुढे बसून करतात, इंजिनिअर झालीस ती ट्रक हाकायला नाही. मी फोन ठेवला आणि बॅग भरायला घेतली. या एका मुद्द्यावर माझी आई आणि माझे साहेब यांचं एकमत होतं.

साहेब म्हणजे मिस्टर टॅन. सिंगापुरात तुआसला त्यांचं बोटी दुरुस्त करायचं यार्ड आहे आणि तिथे मी इंजिनांचं काम बघते. आधी मी ऑफिसात बसून कोटेशनं टाइप करायचे. तीन वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियाहून एक भलामोठा, आठ सिलिंडरचा, पेट्रोलवर चालणारा पिकअप ट्रक आला. बोटी ओढायला तो आणि ओढणारी मी. यार्डातल्या पुरुषांना ट्रेलर रिव्हर्स घेता येत नव्हता. मला महिनाभरात जमला, त्यामुळे चावी माझ्याकडे राहिली. त्या चावीमुळेच मी टेबल सोडून जेट्टीवर गेले.

मिलिंद, माझा नवरा, त्याला रेडा म्हणतो. मिलिंद अकाउंटंट आहे, त्यामुळे रेड्याचं खाणं त्याच्या डोळ्यांत खुपतं. रिकामा असेल तर लिटरला सहा किलोमीटर, बोट मागे लावली की चार. सिंगापुरात असा ट्रक रोज कामावर न्यायचा म्हणजे काय, ते इच्छुकांनी ऐकून ठेवावं. बहुमजली कार पार्कच्या दारातली उंचीची दांडी याला आत घेत नाही, म्हणून उघड्यावर, आमच्या इमारतीपासून सात मिनिटं लांब लावायचा. पार्किंगच्या चौकोनातून नाक बाहेर येतं. मागे वजन नसेल तर रस्त्यावरच्या प्रत्येक उंचवट्यावर हा उड्या मारतो, आणि मागच्या सीटवर आमच्या लेकीचं, यशूचं, दूध सांडतं. मात्र डिझेलसारखा खडखडाट नाही, सकाळी एका हाकेत सुरू होतो आणि उंचावरून पुढचे सगळे दिसतात. मला त्याचं वेड आहे, उगाच खोटं कशाला बोलू?

तर त्या आठवड्यात मिस्टर टॅन म्हणाले, "सुजाता, पेट्रोल टू मच. मेर्सिंग ट्रिप, यू शो मी. नॉट गुड, आय सेल." म्हणजे ट्रक विकणार आणि मी परत कोटेशनं टाइप करणार. मलेशियातल्या मेर्सिंगच्या पाक (म्हणजे काका) इस्माईल यांची अठ्ठावीस फुटी बोट पोचवायची होती. वेसाकच्या, म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या, सुट्टीला बेटावर जाणारे पाहुणे त्यांनी घेतले होते. तिथली खाडी उथळ, त्यामुळे बोट फक्त भरतीला पाण्यात जाते. पौर्णिमेची भरती मोठी असते, पण ओहोटीही तितकीच घाईची. दुपारी साडेबाराला पाणी पूर्ण आणि दीडनंतर बोट सोडायच्या उताराच्या टोकाला नुसता चिखल, असं पाक इस्माईल फोनवर तीनदा सांगून झाले होते.

सुट्टी आहे तर आम्हीही येतो, असं मिलिंदनंच काढलं. मला आश्चर्य वाटलं. वर म्हणाला, टाकीचं माझ्याकडे दे, तू बोटीचं बघ. इथे माझं चुकलं.

शुक्रवारी सकाळी सहाला निघालो. तुआसला जाऊन बोट जोडली, दिवे तपासले, साखळ्या लावल्या आणि वूडलँड्सला सीमेवरच्या रांगेत लागलो. बरोबर आठ वर्षांची यशोधरा, डब्यात मेथीचे पराठे आणि सुट्टीला निघालेलं अर्धं सिंगापूर.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: सिंगापूरची गाडी मलेशियात न्यायची तर टाकी किमान पाऊण भरलेली लागते. पलीकडे जोहोरला पेट्रोल स्वस्त, सगळे तिकडेच भरतील म्हणून हा नियम. इथले लोक तो पाळतात, पण काट्याच्या रेघेपर्यंतच. वर एक थेंब गेला तर रात्री झोप येत नाही. मिलिंदनं तसंच केलं होतं. आदल्या संध्याकाळी त्यानं काटा बरोब्बर पाऊण रेघेवर आणून ठेवला होता, केस ठेवायलाही जागा नाही असा.

फक्त तेव्हा मागे बोट नव्हती. अडीच टन मागे लटकले की ट्रकचं बूड खाली बसतं, टाकीतलं पेट्रोल मागे सरकतं आणि काटा खाली येतो. हे मी चेकपॉइंटच्या शंभर मीटर आधी पाहिलं.

"मिलिंद, काटा बघ."

"काल बरोबर होता."

"काल बोट होती का?"

अधिकारी खिडकीशी आला, वाकला, काटा पाहिला. मी त्याला ट्रेलरचं वजन, टाकीचा तिरपेपणा, सगळं भौतिकशास्त्र समजावलं. भला माणूस होता. मान डोलावत होता. आता सोडणारच, इतक्यात मागच्या सीटवरून आमची कन्या अगदी शाळेतल्यासारखी हात वर करून बोलली, "अंकल, पप्पा सेड डोन्ट फिल सो मच. जोहोर चीपर, लाह."

अधिकाऱ्यानं मिलिंदकडे पाहिलं. मिलिंद पराठ्याच्या डब्याकडे पाहत होता. मग दंडाची पावती आणि परत फिरायचा हुकूम. तेलही गेलं, तूपही गेलं. ट्रेलरसकट वळून वूडलँड्सच्या पंपावर जायला, टाकी भरायला आणि पुन्हा रांगेच्या शेपटाला लागायला दीड तास गेला.

"घरभेदी कुठली," मिलिंद पुटपुटला.

"टीचर से मस्ट टेल ट्रूथ, व्हॉट," यशू म्हणाली. तिच्यावर रागावण्यासारखं काही नव्हतं. ज्याच्यावर रागवावं तो माझ्या शेजारी नकाशा उलटा धरून बसला होता. सीमेपलीकडचं जोहोर बाहरू शहर संपेपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही.

पुढचा रस्ता छान आहे, जाणाऱ्यांनी जरूर जावं. कोटा तिंगीपर्यंत रहदारी, मग एकेरी-दुहेरी रस्ता आणि दोन्ही बाजूंना मैलोगणती तेलताड. ताडाचे घड भरलेल्या लॉऱ्यांना ओलांडायचं तर मागे बोट आहे हे विसरू नका. आपण पुढे निघून गेलो तरी ती अजून त्यांच्या शेजारी असते. चढावर पेट्रोलचं इंजिन ओरडतं, पण मागे हटत नाही. उतारावर मात्र डिझेलसारखी पकड नाही, खालचा गिअर आधीच टाकावा. कोटा तिंगीला रोटी चनाई आणि ते-तारिक, म्हणजे फेसाळ चहा, घ्यायचं ठरलं होतं. आम्ही चालत्या ट्रकमध्ये पराठे खाल्ले. मिलिंदनं मला पराठा गुंडाळून दिला, मी न बोलता घेतला.

मेर्सिंगला पोचलो तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. पाक इस्माईल, साठीचे, लुंगी आणि टोपीतले, उताराच्या कडेला उभे होते. ते रागावले नाहीत, नुसतं पाण्याकडे बोट दाखवलं. पाणी उताराच्या मध्यापर्यंत मागे गेलं होतं आणि उघड्या पडलेल्या भागावर हिरवं शेवाळ चकाकत होतं.

मी ट्रक फिरवला आणि मागे घेऊ लागले. ट्रेलर रिव्हर्स घेताना हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला ठेवायचा, म्हणजे हात जिकडे तिकडे ट्रेलर. एवढं साधं आहे, पण कुणी दिशा सांगायला लागलं की सगळं विसरतं. आणि मिलिंद सांगायला लागला. "डावीकडे. नाही, तुझ्या डावीकडे. माझ्या. अगं सुजाता, उजवीकडे." पहिल्यांदा ट्रेलर वाकडा गेला, पुढे घेतला. दुसऱ्यांदा शेवाळावर मागची चाकं जागच्या जागी फिरली, रबराचा वास सुटला. मला टायपिंगचं टेबल समोर दिसत होतं, खरंच सांगते.

मी काच खाली केली. "मिलिंद, आरशात दिसशील तिथे उभा राहा. तोंड बंद ठेव."

त्यानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाण्यात उतरला आणि उताराची कडा जिथे संपते तिथे हात वर करून उभा राहिला, गप्प. मला तेवढंच हवं होतं. चारी चाकांची ताकद लावली, सगळ्यात हळू गिअर टाकला आणि इंजिनाला स्वतःच्या चालीनं मागे जाऊ दिलं. ट्रेलर सरळ उतरला, पाणी बोटीच्या पोटाला लागलं, पाक इस्माईलनी दोर ओढला आणि बोट तरंगली. दीडला पाच मिनिटं कमी होती.

रिकामा ट्रेलर वर काढून मी उतरले आणि त्याच्या पलीकडे पट्टे गुंडाळत बसले होते. मी ट्रकमध्येच आहे असं समजून ते दोघे बोलत होते. पाक इस्माईलनी विचारलं, "युवर वाइफ व्हेरी गुड. बट वाय लेट?"

"माय फॉल्ट," मिलिंद म्हणाला. "मी टाकी कमी भरली. जोहोरला भरली असती तर ट्रिपचा खर्च कमी दिसला असता. बॉस ट्रक विकणार आहे हो, खर्च जास्त म्हणून." हे सगळं तो त्याच्या ऑफिसातल्या इंग्रजीत बोलत होता. "मला हा ट्रक आवडत नाही. पण तिला ऑफिसात बसवली होती तेव्हा ती घरी येऊन बोलायची नाही. आता जिना चढताना गुणगुणते. दाराआधी गाणं ऐकू येतं."

मी पट्टे तसेच धरून बसून राहिले. तीन वर्षं रेड्याला नावं ठेवणारा हा माणूस, आणि मी त्याला चिक्कू समजून अख्खा जोहोर ओलांडला होता. मला लाज वाटली आणि फार बरं वाटलं. पण मी ऐकलं हे त्याला कळू दिलं नाही. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर हातात थोडे पत्ते राखून ठेवावेत.

संध्याकाळी जेट्टीजवळ भाजलेला मासा आणि पानात भाजलेल्या माशाच्या वड्या, ओताक-ओताक, खाल्लं. खोली नव्वद रिंगिटला मिळाली, पंखा आवाज करणारा, पण खिडकीतून खाडी दिसते. शनिवारी यशूनं किनाऱ्यावर खेकडे मोजले. पौर्णिमेची आठवण ठेवून तिनं आणि मी खिडकीत मेणबत्ती लावून वंदना म्हटली. रविवारी मोकळा ट्रेलर घेऊन परत आलो. मिलिंदनं परतीत जोहोरला टाकी काठोकाठ भरली, कारण येताना कुणी तपासत नाही.

सोमवारी मी मिस्टर टॅनसमोर उभी राहिले. पाक इस्माईलचा फोन आधीच येऊन गेला होता. "वाय लेट?" त्यांनी विचारलं. वेसाकची गर्दी, असं सांगता आलं असतं आणि ते खोटंही नव्हतं. पण मी सगळं सांगितलं: पाऊण टाकी, बूड खाली बसलेला ट्रक, मुलीनं दिलेली साक्ष, दंड आमच्या खिशातून गेला तो, आणि नवऱ्यानं हे का केलं तेही. मिस्टर टॅननी पेट्रोलच्या पावत्या उलटसुलट केल्या.

मग म्हणाले, "इस्माईल सेज नेक्स्ट बोट, ओन्ली यू बॅक इन. ट्रक कॅन स्टे. हजबंड, स्टे होम."

घरी येऊन मी साहेबांचं बोलणं फक्त ट्रकपर्यंतच सांगितलं. मिलिंद स्वयंपाकघरात होता. "म्हणजे रेडा राहिला? अरेरे," तो म्हणाला आणि माझ्याकडे पाठ करून कुकरच्या शिट्टीशी काहीतरी करत राहिला. खूप वेळ. मी जवळ जाऊन पाहिलं तर कुकर अजून गॅसवर ठेवलेलाच नव्हता.