नटावरची लाल रेघ

माझे वडील पाच वेळा मोटरसायकल शर्यतीचे चॅम्पियन झाले. ते जगाला ठाऊक आहे, म्हणून मी काकाबद्दल सांगणार. वडिलांची गाडी काका बांधायचा.

काका थोरला. नट आवळून झाला, की काकूच्या नेलपॉलिशने नटावरून थेट शेजारच्या लोखंडापर्यंत एक लाल रेघ ओढायचा. नट केसभर जरी फिरला, तरी रेघ तुटणार. काकू म्हणायची, "बायको राहिली बाजूला, ह्यांची गाडीच नटते!"

सहाव्या वर्षी शेवटच्या वळणावर वडील पडले. हात गळ्यात अडकवून वार्ताहरांना म्हणाले, "मागच्या चाकाचा नट सैल राहिला होता." गाडी तिथूनच गोदामात गेली, काकाला बघायलासुद्धा मिळाली नाही. "मीच विसरलो असेन," असं तो आधी पुटपुटायचा. मग त्याची खात्रीच झाली.

त्यानंतर शर्यतीची गाडी त्याच्या हाती कुणी दिली नाही. वीस वर्षं त्याने स्कूटर दुरुस्त केल्या. घराबाहेर पडताना कुलूप तीनतीनदा ओढून बघायचा. वडिलांच्या दर वाढदिवसाला यायचा आणि खाली मान घालून म्हणायचा, "माझ्यामुळे तुझं सहावं गेलं रे." वडील त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे. "जाऊ दे दादा, झालं ते झालं." केवढं मोठं मन, असं मला वाटायचं. मूर्ख होते मी.

गेल्या महिन्यात वडिलांच्या नावाचं दालन उघडलं. ती गाडी तिथे होती, पडली होती तशीच, चिखलासकट. काका गुडघे धरत खाली बसला आणि रुमालाने मागचा नट पुसू लागला. चिखलाखाली लाल रेघ होती. कुठेही तुटली नव्हती.

"दादा, ऊठ. लोक बघतायत," वडील म्हणाले.

"तुला माहीत होतं?"

वडिलांनी आवाज खाली आणला. "वळणावर मीच गाडी जास्त वाकवली. तसं सांगितलं असतं तर माझं नाव गेलं असतं. तुला कोण ओळखत होतं?"

नाचता येईना, अंगण वाकडं. माझ्या बापाने अंगणाच्या जागी सख्खा भाऊ धरला. मला त्यांची शिसारी आली.

काका उठला नाही. रुमाल तसाच नटावर धरून म्हणाला, "वीस वर्षं मी माफी मागत होतो. आणि तू दर वेळी मला माफ करत होतास."