कुकडीकाठची राख

हे सांगणं मी कित्येक वर्षं टाळलं.

बोरीत आमच्या नदीकाठाला ज्वालामुखीच्या पुरातन राखेचा थर होता. ओळखीचे एक बेने इस्रायली, म्हणजे ज्यू, मास्तर यायचे, त्यांच्यात कबरीवर ठेवतात तसा त्यावर खडा ठेवायचे आणि थराला कान लावायचे.

मी चिडवायचो, "तुमच्या पोथीत जग सहा हजार वर्सांचं, अन् राख त्याहून लई जुनी. खोटं कोन, मास्तर?"

"देवानं सूर्य चौथ्या दिवशी केला, भाऊ. आधीचे तीन दिवस केवढे होते, कुणी मोजले? हळू बोला, राखेखाली गाडलेली माणसं आहेत."

उसासाठी मी तो काठ राखेसकट सपाट केला. पुढच्या खेपेला ते मुठीत खडा घेऊन फिरत राहिले, जमिनीला "इथे का?" विचारत. मग माझ्याकडे वळले. 'चुकलो, मास्तर' एवढंच म्हणायचं होतं. मी शेजारच्या उसात शिरलो.